विहिरीतलं पोहणं ते १.९ किलोमीटरचा समुद्र : एका हौशी ट्रायथलॉनपटूचे १६ आठवडे

हे प्रकरण भंडारा जिल्ह्यातल्या ३७ वर्षांच्या एका जिल्हा परिषद शिक्षकांचं आहे. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून इथेही गुरुजीच. नाव आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही. घरची चार एकर धानाची शेती, एक रोड सायकल आणि दोन पूर्ण मॅरेथॉन, एवढी त्यांची शिदोरी. ऑक्टोबरमध्ये गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर होणारी आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन करायची होती. ही स्पर्धा गोव्यात २०१९ पासून सुरू झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. सायकल आणि धावणं त्यांच्या आवाक्यात होतं. घोडं अडलं होतं पाण्यात.

आयर्नमॅन ७०.३ स्पर्धांमध्ये पोहण्याला साधारण १ तास १० मिनिटांची मुदत असते, म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. गुरुजींनी जूनच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या ठिकाणच्या २५ मीटरच्या तलावात १९०० मीटर १ तास ४ मिनिटांत संपवलं होतं. कागदावर सहा मिनिटं हाताशी होती. पण हा वेळ दर दोन-तीन लॅपनंतर भिंतीला धरून दम खात काढलेला होता. समुद्रात भिंत नसते. शिवाय तिथे नेमकं सरळ कुणीच पोहत नाही, त्यामुळे १९०० चे सहज २०५० ते २१०० मीटर होतात. आणि पोहून बाहेर आल्यावर त्यांना पंचवीस-तीस मिनिटं नुसतं बसावं लागायचं. सायकलवर चढायची ताकद पाण्यातच संपत असेल तर मुदतीत पोहूनही काही साधत नाही.

आधीच्या चार महिन्यांत त्यांनी मेहनत कमी केली नव्हती. पाय बुडतात असं दिसल्यावर कुणीतरी किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून दररोज ४०० मीटर पाय मारायला सांगितलं. हात कमजोर वाटले म्हणून मोठी पॅडल्स (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या) घेतली. दम कमी पडतो म्हणून रविवारी दोन-दोन किलोमीटर पोहायचं. तिन्ही उपाय दिसणाऱ्या दोषावर होते. परिणाम असा की उजवा खांदा दुखायला लागला आणि वेळ जागचा हलला नाही.

दोष कुठे दिसतो, कारण कुठे असतं

पहिल्या दिवशी पोहायला काही शिकवलं नाही, फक्त मोबाईलवर चित्रण केलं. त्यासाठी दोन कोन पुरतात. एक, तलावाच्या काठावर बसून फोन पाण्यापासून हातभर उंच धरायचा आणि पोहणाऱ्याच्या बाजूने त्याच्याबरोबर चालायचं. दुसरा, लेनच्या टोकाला बसून समोरून. समोरून घेतलेलं चित्रण लोक टाळतात, पण हात मधली रेषा ओलांडतो का हे फक्त त्यातच कळतं. स्लो मोशनमध्ये २५ मीटरची दोन चित्रणं घेतली की पुरे. त्यापेक्षा जास्त घेतली तर कुणी पाहत नाही. पहिला लॅप ताज्या दमात घ्यायचा आणि दुसरा २०० मीटर झाल्यावर. खरा दोष दुसऱ्यात दिसतो.

चित्रण पुतण्याने केलं आणि पाहता पाहता त्यानेच मूळ दुखण्यावर बोट ठेवलं, “काका, तुम्ही पाण्यात श्वास सोडूनच नाही राहिले. एक पण बुडबुडा नाही निघून राहिला.”

बाकीच्या नोंदी अशा. २५ मीटरला ३३ हात मारले (प्रत्येक हात वेगळा मोजून), वेळ ३४ सेकंद. डोळे समोरच्या भिंतीवर, कपाळ पाण्याबाहेर. कंबर वीतभर खाली, पावलं जवळपास दीड फूट खोल. डावीकडे श्वास घेताना उजवा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो आणि त्याच क्षणी पाय कात्रीसारखे फाकतात. पाणी पकडताना कोपर आधी खाली पडतं आणि तळवा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो.

सहा दोष दिसतात, पण ते सहा आजार नाहीत, एकाच कारणातून निघालेली साखळी आहे. गुरुजी लहानपणी शेतातल्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून, काठावरच्या मोठ्या माणसाचं “मान वर ठेव, नाकात पाणी जाईन” हे ऐकत. विहिरीत ते बरोबरच आहे. व्यास सहा-सात मीटर, समोर लगेच दगडी भिंत, पाण्यावर पालापाचोळा, आणि सात-आठ हातांपेक्षा लांब जायचंच नसतं. तेवढ्यासाठी एक श्वास रोखून धरला तरी भागतं. तीच सवय १९०० मीटरला नेली की ती मुळावर येते.

श्वास आत रोखला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरल्यासारखं होतं. ती घुसमट हवा कमी पडल्याची नसते, जुनी हवा बाहेर न गेल्याची असते. शिवाय पाण्यात श्वास न सोडल्यामुळे तोंड बाहेर आल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी दोन कामं उरतात. वेळ पुरत नाही, म्हणून डोकं उचलून जास्त वेळ बाहेर ठेवावं लागतं. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात. डोकं वर धरायला पुढचा हात पाणी खाली दाबतो, त्यात कोपर पडतं. तोल जाऊ नये म्हणून हात मधली रेषा ओलांडतो आणि पाय फाकतात. फुगलेली छाती वर तरंगते, त्यानेही पाय आणखी खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे आणि विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. तिरक्या अंगाने त्याच्याशी झुंजणाऱ्याचा दम मॅरेथॉन धावलेला असला तरी संपणारच.

म्हणून क्रम ठरला: श्वास, मग डोकं, मग अंगाचा तोल, मग हाताची दिशा, मग पाण्याची पकड आणि सगळ्यात शेवटी दम. किकबोर्ड आणि पॅडल्स पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. किकबोर्ड समोर धरून डोकं वर ठेवलं की नेमकी तीच चुकीची ठेवण पक्की होते.

पहिले तीन आठवडे: नुसता श्वास

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे जूनच्या शेवटी उघडतात, याचा इथे फायदा झाला. पहिल्या दोन आठवड्यांत गुरुजी ४२ किलोमीटर लांबच्या तलावावर आठवड्यातून चारदा जाऊ शकले. प्रत्येक वेळी ४० ते ४५ मिनिटं, एकूण अंतर ८०० मीटरच्या आत. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा चारदा चाळीस मिनिटं पोहणं या टप्प्यावर कितीतरी जास्त कामाचं असतं. अंगाला पाण्याची जाण राहते ती वरचेवर पाण्यात उतरल्याने.

सरावाचा क्रम असा होता. छातीइतक्या पाण्यात उभं राहून श्वास घ्यायचा, तोंड आणि नाकाने चार-पाच सेकंद सलग सोडत तळाशी बसायचं. असं आठ वेळा. तळाशी बसताच येत नसेल तर श्वास पूर्ण सुटलेला नाही, याहून सोपी परीक्षा नाही. गुरुजी पहिल्या दिवशी एकदाही तळाला टेकले नाहीत. मग भिंत धरून वीस वेळा वर-खाली: पाण्यात बुडबुडे, वर येऊन फक्त श्वास घ्यायचा, वर सोडायचा नाही. त्यानंतर भिंतीला पाय देऊन हात लांब करून सरळ घसरत जायचं, डोळे तळाकडे, श्वास सुटत राहिलेला. असं आठ वेळा. डोकं वर असताना ते चार मीटरवर थांबत, डोकं खाली गेल्यावर सात मीटर. हा फरक सांगून पटत नाही, टाइल्स मोजून पटतो.

मग १६ वेळा २५ मीटर, मध्ये २० ते ३० सेकंद विश्रांती. या काळात एकच नियम पाळला. हातांची संख्या नेहमीपेक्षा तीनने वाढली की त्या दिवसाचं पोहणं बंद. थकलेल्या अंगाने चुकीचा स्ट्रोक घोटवला की पुढच्या वेळी तोच वर येतो.

श्वास सोडायचा म्हणजे जोरात फुंकायचा नाही. तोंड पाण्यात गेल्याबरोबर हळूहळू सलग सोडायचा, आणि तोंड वळायच्या अगदी आधी उरलेला थोडा जोरात. सुरुवातीला प्रत्येक दोन हातांनी श्वास घेतला, दोन्ही बाजूंनी तीन हातांनी नाही. दोन्ही बाजूंचा श्वास चांगला, पण ज्याला श्वास सोडता येत नाही त्याला तीन हातांवर ताणायला लावलं तर तो पुन्हा रोखायला लागतो. तोलासाठी एक लॅप डावीकडे, एक उजवीकडे एवढं केलं.

डोक्यासाठी सूचना दोनच ठेवल्या. नजर तळावर, साधारण मीटरभर पुढे. श्वास घेताना एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. मान वळवायची, उचलायची नाही. चालत्या पोहण्यात डोक्याच्या बाजूला पाण्याचा लहानसा खळगा तयार होतो आणि तोंड त्यात येतं, यावर विश्वास बसायला गुरुजींना दहा-बारा दिवस लागले.

रोवणीचे दिवस आणि पायऱ्यांची विहीर

जुलैत रोवणी आली, शाळा सुरू झाली, आणि तलावावर जाणं शनिवार-रविवारवर आलं. बहुतेक ग्रामीण खेळाडूंची तयारी इथेच ढेपाळते. मंगळवार आणि गुरुवारसाठी शेतातली पायऱ्या असलेली विहीर वापरली. पायऱ्या नसलेली विहीर या कामाला वापरायचीच नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं तर अजिबात नाही. त्याच्या उतारावर शेवाळ धरतं आणि चांगला पोहणाराही घसरत परत आत जातो. दोर आणि टायर सोडून ठेवलेले असले तरी सरावाची ती जागा नाही. विहिरीत उतरण्याआधी मोटरचा मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचा आणि काठावर पोहता येणारा माणूस बसलेला हवा. पुतण्या बसत होता, हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब दोराला बांधून बाजूला ठेवून.

विहिरीत बांधून पोहण्याची पद्धत अशी. सायकलच्या दोन जुन्या ट्यूब कापून एकमेकींना गाठवल्या. एक टोक कमरेच्या रुंद पट्ट्याला मागच्या बाजूने, दुसरं पायरीजवळच्या लोखंडी कडीला. गाठी दर वेळी तपासायच्या, कारण पाण्यात रबर सरकतं. मग दोन मिनिटं पोहायचं, एक मिनिट थांबायचं, असं आठ वेळा. पावसाने विहिरीचं पाणी चढलेलं असल्यामुळे उतरायला सोपं होतं.

यातून श्वासाची लय उत्तम बसते, कारण समोर भिंत नाही, वळणं नाहीत, लक्ष फक्त बुडबुड्यांवर. पण याचा तोटाही आहे. अंग पुढे जात नसल्याने हाताला पाणी जड लागतं, माणूस जोर लावतो आणि खांद्यावर ताण येतो. म्हणून एकूण वीस मिनिटांच्या वर जायचं नाही आणि हाताच्या पकडीचा सराव विहिरीत करायचाच नाही. ट्यूब घोट्याला बांधू नये, पाय खाली ओढले जातात.

घोट्यांचं काम जमिनीवर झालं. सायकल आणि धावण्याने घोटे आवळलेले असतात, पावलाची बोटं मागे लांबत नाहीत आणि पावलं ब्रेकसारखी पाण्यात उभी राहतात. अशा माणसाला नुसती किक मारायला लावली तर तो जागेवर राहतो, कधी मागेही जातो. त्यावर वज्रासन हा सोपा उपाय. ४० सेकंद बसायचं, मग हात मागे टेकून गुडघे जमिनीपासून किंचित उचलायचे, पावलाच्या वरच्या बाजूला ताण येईपर्यंत. तीन वेळा, रोज. गुडघा दुखत असेल तर टाचांवर घडी केलेली सतरंजी ठेवायची. सहा आठवड्यांनी दिसण्यासारखा फरक पडला.

ट्रायथलॉनमध्ये पायांचं काम वेग देण्याचं कमी आणि तोल धरण्याचं जास्त. मांडीतून निघणारी लहान किक, दोन हातांच्या चक्रात दोनच ठोके, एवढी बास. पाय पुढे सायकलला लागणार आहेत.

हाताची दिशा आणि पकड

चौथ्या आठवड्यापासून छोटे फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून कुशीवरचा सराव घेतला: एका कुशीवर सहा किक, एक हात, दुसऱ्या कुशीवर सहा किक. अंग पूर्ण आडवं करायचं नाही, साधारण ४५ अंश पुरे. जास्त वळलं की पाय पुन्हा फाकतात. खालचा हात खांद्याच्या समोर, पाण्याखाली वीतभर.

उजवा हात मधली रेषा ओलांडत होता, त्यासाठी बऱ्याच सूचना करून पाहिल्या. शेवटी लागू पडली ती शेतातलीच. धान दोरीवर रोवताना दोन दोऱ्यांमध्ये अंतर राखतात तसे दोन हात दोन दोऱ्यांवर, खांद्याइतक्या अंतरावर, आणि आपापली दोरी सोडायची नाही. ज्यांचे हात खूप आत येतात त्यांना अगदी बाहेर ठेवतोय असं वाटेपर्यंत बाहेर न्यावे लागतात, तेव्हा कुठे ते सरळ येतात. खांदादुखीचं मूळही इथेच होतं. अंगठा खाली करून हात आत घातला आणि तो मधे ओढला की खांद्याच्या सांध्यात जागा कमी होते आणि स्नायूबंध घासतो. तळवा सपाट, मधलं बोट आधी, हात खांद्यासमोर: एवढ्या बदलाने आणि पॅडल्स बंद केल्याने तीन आठवड्यांत दुखणं गेलं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात वर नेताना कळ येत असेल तर मात्र ड्रिल (एकेका हालचालीचा वेगळा सराव) करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

पकडीसाठी पाच ड्रिल एकदम दिली नाहीत. शनिवारी फक्त दोन. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरून हात समोर लांब ठेवायचे आणि कोपरापासून पुढचा भाग आत-बाहेर हलवायचा (स्कलिंग), ४ वेळा २५ मीटर. आणि मूठ आवळून पोहणं, ४ वेळा २५ मीटर, प्रत्येकानंतर लगेच उघड्या हाताने २५. मूठ आवळली की तळव्याचा आधार जातो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पाणी ढकलायला शिकतो. कोपर वर, बोटं तळाकडे, मग मागे. जमिनीवर हीच हालचाल सायकलची ट्यूब खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर अडकवून, पुढे वाकून, २० च्या तीन फेऱ्या. आरसा समोर हवा, नाहीतर कोपर पडलेलं कळतच नाही.

महत्त्वाचं हे की श्वास सुधारल्यावर अर्धं कोपर आपोआप वर आलं होतं. डोकं उचलायची गरज संपली तशी पाणी खाली दाबायची गरजही संपली. आधी कोपर सुधारायला घेतलं असतं तर महिने गेले असते.

सातव्या आठवड्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला. हात मोजायची गुरुजींना इतकी गोडी लागली की २५ मीटरला २० हातांवर आले, आणि वेळ मात्र ४१ सेकंदांवर गेला. पुढचा हात लांब करून ते थांबत होते. त्या थांब्यात वेग मरतो आणि प्रत्येक हाताला अंग नव्याने ढकलावं लागतं. समुद्रात तर लाट त्या थांब्यातच माणसाला आडवं करते. कमी हात म्हणजे चांगलं पोहणं, हे अर्धसत्य खूप जणांना अडकवतं. हात आणि सेकंद दोन्ही एकत्र बघायला हवेत. घड्याळातलं मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारा गजर, मिनिटाला ४६ ठोक्यांवर लावलं, प्रत्येक ठोक्याला एक हात, दर आठवड्याला दोनने वाढवलं आणि ५० वर थांबवलं. २५ ते २६ हात आणि ३६-३७ सेकंद इथे त्यांचं गणित बसलं.

दम वाढवणं, मोजून

पहिल्याच दिवशी ४०० मीटरची चाचणी घेण्यात अर्थ नव्हता. १५० वर स्ट्रोक मोडत होता. चाचणी पाचव्या आठवड्यात घेतली. नीट अंग गरम करून ४०० मीटर पूर्ण जोराने, सात-आठ मिनिटं सावकाश पोहणं, मग २०० मीटर पूर्ण जोराने. दोन्ही वेळांतला फरक भागिले दोन म्हणजे दर १०० मीटरचा सरावाचा वेग. गुरुजींचे ४०० मीटर ११ मिनिटं २० सेकंद, २०० मीटर ५ मिनिटं २४ सेकंद. फरक ३५६ सेकंद, निम्मे १७८, म्हणजे २ मिनिटं ५८ सेकंद. ४०० मध्ये पहिले १०० उधळून दिले तर हा आकडा खोटा येतो, म्हणून दर १०० चा वेळ कुणीतरी लिहून घ्यायचा.

त्यानंतर शनिवारचा मुख्य भाग या वेगावर. आधी २० वेळा ५० मीटर, मध्ये १५ सेकंद. मग १० वेळा १०० मीटर, मध्ये २० सेकंद. अकराव्या आठवड्यापासून ६ वेळा २००, मध्ये २० सेकंद. पहिलं आणि शेवटचं अंतर एकाच वेळात आलं पाहिजे. पहिले तीन सोपे वाटले पाहिजेत; नाही वाटले तर वेग चुकला आहे. रविवारी सकाळी लांब सायकल, म्हणून त्या दिवशी पोहणं हलकं, फक्त ड्रिल. चौथा, आठवा आणि बारावा आठवडा निम्म्या अंतराचा ठेवला. पोळ्याच्या आठवड्यात तलावावर जाणं झालंच नाही. विहिरीतल्या दोन फेऱ्यांवर भागवलं आणि त्याने काही बिघडलं नाही.

पंधराव्या आठवड्यातली चाचणी: ४०० मीटर ९ मिनिटं २४, २०० मीटर ४ मिनिटं ३०. दर १०० ला २ मिनिटं २७ सेकंद. दहा आठवड्यांत ३१ सेकंद. या काळात आठवड्याचं अंतर ४५०० मीटरच्या वर कधी गेलं नाही, आणि आधीच्या चार महिन्यांतही ते साधारण एवढंच होतं. हे ३१ सेकंद कुठून आले ते यावरून कळतं.

मामा तलावात

तळ दिसत नाही अशा पाण्याची सवय करायला भंडारा-गोंदियासारखी जागा नाही. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव गावोगाव आहेत. पण ते मोकळे नसतात. तिथे मच्छीमार संस्थेची जाळी असतात, कुठे शिंगाडा लावलेला असतो. ग्रामपंचायतीला आणि संस्थेला आधी विचारलं. संस्थेच्या ढिवर भावांनी जाळी कुठे, बुंधे कुठे, गाळ कुठे खोल, हे दाखवलं आणि दोन वेळा एक जण डोंगा घेऊन बरोबर राहिला. त्यांच्याइतकी त्या पाण्याची माहिती कुणालाच नसते.

मार्ग पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, समांतर, काठापासून २० मीटरवर, दोन बांबूंना लाल कापड बांधून १५० मीटरचा. तुडुमापासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, पूर्ण लांब. धानाला पाणी द्यायला ते उघडं असेल तर आत ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. मोठा पाऊस पडून शेतातलं पाणी तलावात उतरलं की दोन-तीन दिवस पोहणं बंद. त्यात औषधांचा अंश आणि घाण दोन्ही येतात. पायाला जखम असेल तर उतरायचं नाही. गडगडाट ऐकू आला की लगेच बाहेर आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास परत नाही. कमरेला दीड मीटरच्या पट्ट्याने भगव्या रंगाचा टो फ्लोट (मागे ओढत न्यायचा हवेचा फुगा), म्हणजे काठावरून माणूस दिसतो. तो जीवरक्षक नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

पहिल्या दिवशी गुरुजी ६० मीटरवरून परत फिरले. जिल्ह्याच्या पोहण्याच्या तलावात आरामात १००० मीटर पोहणारा माणूस गढूळ पाण्यात हात दिसेनासा झाल्यावर श्वास रोखून बसला, जुनी सवय एका क्षणात वर आली. हे अनेकांचं होतं आणि त्यावर धीर देणारं भाषण कामाचं नसतं. पुढच्या वेळी गळ्याइतक्या पाण्यात तीन मिनिटं नुसते बुडबुडे, मग पाठीवर तरंगणं, मग वीस हात पोहून पुन्हा पाठीवर. छाती भरून आली की पाठीवर वळायचं, पाच लांब श्वास सोडायचे आणि पुढे निघायचं. चौथ्या वेळी त्यांनी ६०० मीटर न थांबता केले.

दिशा बघायला डोकं पूर्ण काढायचं नाही, नाहीतर पाय परत खाली. सहा ते आठ हातांनी एकदा, फक्त डोळे पाण्यावर येतील इतकंच, आणि श्वास नंतर बाजूला वळून. नजरेसाठी झेंड्याच्या बांबूपेक्षा त्यामागची गावची पाण्याची टाकी धरली. उंच खूण एका झलकेत सापडते. सुरुवातीला १२०० मीटरच्या मार्गाला घड्याळ १३९० दाखवत होतं, शेवटी १२६०. घड्याळ मनगटाऐवजी टोपीखाली ठेवलं तर हा आकडा खरा येतो, कारण हात पाण्याखाली गेला की जीपीएसचा सिग्नल तुटतो.

गोव्यात

समुद्राचा सराव इकडून शक्यच नव्हता. म्हणून तीन दिवस आधी पोहोचून, आयोजकांनी ठरवलेल्या वेळी जीवरक्षक असताना दोनदा १५-२० मिनिटं पोहणं ठेवलं. वेटसूटचा (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाचा) प्रश्न नव्हता. २४.५ अंशांपेक्षा गरम पाण्यात तो घालून क्रमवारीसाठी पोहता येत नाही, आणि तिथलं पाणी त्याहून गरम असतं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, पाय आपोआप वर येतात. पहिल्या दिवशी त्यांनी त्यामुळे किकच सोडून दिली आणि अंग डोलायला लागलं; दुसऱ्या दिवशी दोन ठोक्यांची किक परत आणली. मानेला आणि काखेत व्हॅसलीन, नाहीतर मिठाने कातडी सोलते. लाट उजवीकडून येत होती, म्हणून श्वास डावीकडे.

सुरुवातीला गर्दीच्या मागे, एका बाजूला उभं राहायला सांगितलं होतं, आणि पहिले २०० मीटर इतके सावकाश की लाज वाटावी. ५१ मिनिटांनी गुरुजी किनाऱ्यावर आले. घड्याळात २०४० मीटर होते. सायकलवर पहिल्या १० किलोमीटरमध्ये हृदयाची गती मिनिटाला १४६ राहिली. जूनमध्ये तलावातून उठून सायकलवर बसल्यावर ती १६८ होती.

काही गोष्टी राहिल्या. उजवीकडे श्वास घेताना डावं कोपर अजून पडतं. शेवटच्या ५०० मीटरमध्ये हातांचा वेग ५० वरून ४४ वर आला, म्हणजे खांद्यांचा दम कमी पडतो. हिवाळ्यात जिल्ह्याचा तलाव पहाटे गार असतो आणि गुरुजींना शाळेआधीचाच वेळ मिळतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, उजवीकडचा श्वास आणि एका हाताने पोहण्याचं ड्रिल एवढंच ठेवलं आहे. ट्यूबचा व्यायाम २० च्या चार फेऱ्यांवर नेला आहे. फेब्रुवारीपासून लहान पॅडल्स, तळव्यापेक्षा बोटभरच मोठी, एका वेळी २०० मीटरपर्यंत. खांद्याने कुरकुर केली तर ती लगेच काढायची.